लांजेवार जिंकले ती फायनल

दुसऱ्या गेमचा चौथा बोर्ड चालू होता. लांजेवारांनी स्ट्रायकर रेषेवर ठेवला, बोट मागे नेलं आणि तिथेच थांबले. मग मान वर करून त्यांनी समोरच्या दुबेजींना विचारलं, "काहो, माझा रंग कोणता होय?"

खोलीत वीसेक माणसं होती. कोणी हसलं नाही.

लांजेवार काळ्या सोंगट्या खेळत होते. तीन काळ्या त्यांनी घेतल्याही होत्या. दुबेजी म्हणाले, "जो जमे, बड़े भैया. आप मारो तो."

लांजेवारांनी पांढरी मारली. फार सुंदर मारली. ती कडेला चिकटून बसली होती, तिला बोर्डाच्या समोरच्या कडेवरून परत येणाऱ्या स्ट्रायकरने अलगद पॉकेटमध्ये ढकललं. नियमाप्रमाणे ती सोंगटी दुबेजींच्या नावावर जायला हवी आणि लांजेवारांची खेळी संपायला हवी. तसं झालं नाही. लांजेवारांनी आणखी एक पांढरी घेतली. मग दुबेजींची पाळी आली आणि त्यांनी काही न बोलता काळी मारली. म्हणजे त्या क्षणापासून पांढऱ्या लांजेवारांच्या आणि काळ्या दुबेजींच्या. अंपायरच्या खुर्चीवर श्रीवास्तवजी होते. ते छताच्या पंख्याकडे बघत होते.

मी भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून नोटबुकात लिहीत होते. माझं पेन थांबलं.

ईरा, निखिल, आजी रिटायर झाल्यावरही पेपरात लिहायची आणि मग एकदम का सोडलं, असं तुम्ही मागे विचारलं होतं. तेव्हा मी डोळ्यांचं कारण दिलं. ते कारण खरं नव्हतं. खरं काय ते क्रमाने सांगते.

जबलपुरात एका इंग्रजी पेपरच्या डेस्कवर मी तीस वर्षं काम केलं. डेस्क म्हणजे बातमी छापण्याआधी ती तपासणारी माणसं. नाव बरोबर आहे का, आकडे जुळतात का, 'असं ते म्हणाले' असं लिहिलंय तर ते खरंच तसं म्हणाले का, हे बघणं आमचं काम. तुमचे आजोबा गेल्यावर मी पाटण रोडवरच्या सीनियर कॉलनीत राहायला आले. माझ्या हाताखाली शिकलेला तिवारी तोवर एका हिंदी पेपरचा सिटी एडिटर झाला होता. एक दिवस त्याचा फोन आला.

"मॅडम, संडे को कॉलोनियों का पेज निकाल रहे हैं. आपके यहाँ तो रोज कुछ न कुछ खेलते हैं लोग. स्पोर्ट्स का चार सौ शब्द दे दीजिए."

"तिवारी, यहाँ सबसे जवान खिलाड़ी इकसठ साल का है."

"वही तो न्यूज़ है, मॅडम."

अशी मी स्ट्रिंगर झाले. स्ट्रिंगर म्हणजे पेपरच्या नोकरीत नसलेला, पण एका ठरलेल्या भागातून बातम्या देणारा वार्ताहर. माझा भाग म्हणजे आमच्या दोन इमारती, एक लॉन आणि एक खेळांची खोली. बॅडमिंटनमध्ये पॉइंट कोणाचा यापेक्षा खाली पडलेलं शटल वाकून कोणी उचलायचं यावर जास्त भांडणं व्हायची. मी ती भांडणंही लिहायची. बातमीखाली माझं नाव असे, त्याला बायलाइन म्हणतात. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या सुधारल्या, पण स्वतःचं नाव पेपरात पहिल्यांदा सत्तराव्या वर्षी आलं. मला त्याचा आनंद होता, हेही नोंदवून ठेवते.

वसंतराव लांजेवार कॅरमचे चॅम्पियन होते. मूळचे भंडाऱ्याकडचे. नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती तेव्हा त्यांचे वडील नोकरीसाठी इकडे आले. पुढे राज्यं वेगळी झाली, भंडारा महाराष्ट्रात गेलं, आणि हे कुटुंब आपल्यासारखंच इकडे राहून गेलं. लांजेवार कारखान्यात फोरमन होते. खोलीतले दोन्ही कॅरम बोर्ड त्यांनी स्वतः घासून, पॉलिश करून काचेसारखे केले होते. कॉलनीतलं एकही कुलूप, एकही मिक्सर त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिला नव्हता. मला ते 'बाई' म्हणायचे. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा अभय मेलबर्नला.

फायनल संपल्यावर मी श्रीवास्तवजींना गाठलं. ते कॉलनीचे सेक्रेटरीही होते. टेबलावरच्या स्कोअरशीटवर बोट ठेवून मी विचारलं, "ये क्या लिखा है आपने?"

"पच्चीस-अठारह, पच्चीस-इक्कीस. लांजेवार भैया विजेता."

"चौथे बोर्ड में उन्होंने रंग बदला. छठे में दो बार."

"दुबेजी ने ऑब्जेक्शन लिया क्या?"

"नहीं."

"तो फिर?"

दुबेजी मागेच उभे होते. ते म्हणाले, "काए दीदी, आप भी! हमको हारने में कोई तकलीफ नहीं, आपको लिखने में क्या तकलीफ है?"

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि मला नीट सांगितलं. चार-पाच महिन्यांपासून हे चाललं होतं. लांजेवार आपली खोली विसरत होते. एकदा सकाळी डबा घेऊन गेटवर कारखान्याच्या बसची वाट बघत उभे होते. कॉलनीच्या फॉर्मवर नियम आहे: स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच इथे राहता येईल. ही गोष्ट मॅनेजमेंटला कळली तर मुलाला फोन जाणार. मुलगा त्यांना मेलबर्नला नेणार, नाहीतर कुठल्यातरी बंद दाराच्या होममध्ये ठेवणार. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. जेवायला कोणीतरी सोबत न्यायचं. फिरायला कोणीतरी बरोबर जायचं. आणि कॅरममध्ये ते ज्या रंगाला हात घालतील तो त्यांचा.

"मुलाला विचारलं का कोणी?" मी मराठीतच विचारलं. दोघांनाही समजलं.

श्रीवास्तवजी म्हणाले, "बेटे से पूछना मतलब बताना. चलो, छोड़िए. चार सौ शब्द की बात है."

मी खोलीत आले आणि बातमी लिहिली. 'लांजेवार फिर विजेता.' पच्चीस-अठारह, पच्चीस-इक्कीस. कडेची सोंगटी त्यांनी कशी घेतली याचा एक परिच्छेद. तो परिच्छेद अक्षर न् अक्षर खरा होता.

संध्याकाळी तिवारीचा फोन. "मॅडम, विनर का कोट नहीं है."

कोट म्हणजे त्या माणसाचे स्वतःचे शब्द. मी लांजेवारांकडे गेले. ते खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही जिंकलात. पेपरसाठी काही बोलता का?"

"कोण जिंकलं?"

"तुम्ही. कॅरममध्ये."

"अच्छा?" ते मनापासून खूश झाले. "दुबे बरा खेळतो हो. त्याले सांगा, मन छोटं नको करू."

हे छापता आलं असतं. पण त्याच्या आधीचं 'कोण जिंकलं?' माझ्या कानात होतं. मी तिवारीला फोनवर सांगितलं, "लिख लो. रोज़ का अभ्यास, यही मेरा राज़ है." असं लांजेवार कधीही म्हणाले नव्हते. तीस वर्षांत बनावट कोट पकडल्यावर मी दोन मुलांना डेस्कवर रडवलं होतं.

रविवारी फोटोसकट बातमी आली. पेपरच्या वेबसाइटवरही आली. सोमवारी सकाळी मला मेलबर्नहून फोन आला.

"काकू, मी अभय लांजेवार. बातमी वाचली. किती छान लिहिलंत!"

"बाबा छानच खेळतात तुझे."

"काकू, खरं सांगू का, मी घाबरून राहिलो होतो. फोनवर बाबा एकच गोष्ट तीन-तीनदा विचारतात. मला वाटलं, काहीतरी सुरू झालंय. दिवाळीत यायचं ठरवत होतो. पण ज्याचं डोकं चालत नाही तो फायनल कशी जिंकेल? जिवात जीव आला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग आता तिकीट मार्चचं करतो. ऑफिसात रजेचा फार त्रास आहे. चालेल ना, काकू?"

श्रीवास्तवजी, दुबेजी, तो फॉर्म, बंद दाराचं होम, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. माझी बायलाइनही आली. मी म्हटलं, "ये सावकाश. आम्ही आहोत ना."

यानंतर मी दर पंधरवड्याला त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहीत गेले. लांजेवारांनी सेमीफायनल जिंकली. लांजेवारांनी नवख्यांना कट, म्हणजे सोंगटीला कडेने मारायचा तिरका फटका, शिकवला. अभय प्रत्येक बातमीखाली कमेंट टाकायचा. इकडे लांजेवारांना शर्टाची बटणं लावायलाही वेळ लागू लागला होता. ते मी लिहिलं नाही. ती स्पोर्ट्सची बातमी नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते.

जानेवारीत कॉलनीची चालण्याची शर्यत असते. गेटपासून पाटण रोडने पुलियापर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. पुलिया म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल. पळायचं नाही. पळालं तर बाद. श्रीवास्तवजी नावं लिहून घेत होते. लांजेवार रांगेत येऊन उभे राहिले.

श्रीवास्तवजी म्हणाले, "भैया, आप रहने दो. ठंड बहुत है."

लांजेवारांनी स्वेटरच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. माझी बातमी. घड्यांवर फाटायला आलेली. ती त्यांनी श्रीवास्तवजींच्या पुढे धरली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मी चॅम्पियन आहो ना? तुम्हीच लिहिलं. मग चालायले काहून नाही?"

पेपरात छापलेल्या चॅम्पियनला नाही कसं म्हणायचं, हे आम्हा कोणालाच सुचलं नाही. श्रीवास्तवजींनी नाव लिहिलं. बारावं नाव. दुबेजी म्हणाले, "मैं साथ-साथ चलूँगा." दुबेजींचा गुडघा तेव्हा फार दुखत होता. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

सकाळी साडेसातला बारा जण निघाले. धुकं इतकं होतं की गेटपासून वीस पावलांवर माणसं दिसेनाशी झाली. मी स्टॉपवॉच आणि यादी घेऊन गेटवर उभी राहिले. पहिला माणूस परतला, मी वेळ लिहिली. दुसरा, तिसरा. दुबेजी अकरावे आले, लंगडत.

"भैया आ गए?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याबरोबर होते ना?"

"पुलिया के पहले मैं ज़रा बैठ गया. वो आगे निकल गए. मैं समझा, मुड़ के आ गए होंगे, धुंध में दिखे नहीं."

मी यादीकडे बघितलं. अकरा नावांपुढे वेळ होती. बाराव्यापुढे नव्हती. पुलियावर कॉलनीत नवीनच कामाला लागलेला एक माणूस खडूची रेघ मारून बसला होता. त्याने सांगितलं, सगळे रेघेवरून वळले, एक साहेब मात्र सरळ गेले. त्याला वाटलं, कोणी रोजचे फिरणारे असतील. तो लांजेवारांना ओळखत नव्हता.

आम्ही स्कूटरवर माणसं पाठवली. पोलिसांना फोन केला. पाटणच्या दिशेने रोडच्या दोन्ही बाजूंना मटारची शेतं आहेत आणि मधून नहर, म्हणजे कालवा, जाते. लांजेवार रोड सोडून नहरेच्या कडेकडेने गेले असावेत. दुपारी अडीचला माझा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर होता. एक बाई बोलत होत्या. त्या आणि त्यांचा नवरा मटार तोडत होते. बांधापलीकडे एक म्हातारे गृहस्थ ओल्या कपड्यांनी बसलेले त्यांना दिसले. नाव सांगता येत नव्हतं. खिशात पेपरचा तुकडा होता, त्यावर फोटो आणि कॉलनीचं नाव. त्यांनी कॉलनीचा नंबर शोधून गेटवर फोन केला, गेटवरून माझा नंबर मिळाला.

बाई म्हणाल्या, "दीदी, कह रहे हैं शिफ्ट पे जा रहे हैं. देर हो गई, बहुत डर रहे हैं."

त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. कमरेपर्यंत भिजलेले कपडे आणि इतके तास थंडी. निमोनिया झाला. श्रीवास्तवजींनी अभयला फोन केला आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. लांजेवार तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. अभय त्याच दिवशी दुपारी पोचला.

सगळं आटोपल्यावर तो एका सकाळी खेळांच्या खोलीत येऊन बसला. मी तिथे आहे हे कोणीतरी त्याला सांगितलं असावं. बोर्डवर हात फिरवत त्याने विचारलं, "काकू, फायनल कशी झाली होती?"

मी त्याला सगळं सांगितलं. चौथा बोर्ड, सहावा बोर्ड, स्कोअरशीट, कोट. तो बोर्डवरच्या सोंगट्या रंगाप्रमाणे वेगळ्या लावत होता.

मग म्हणाला, "तुम्हाला सगळ्यांना वाटत होतं की मी त्यांना घेऊन जाईन?"

"हो."

"मी न्यायला येणारच नव्हतो, काकू. बाबा तिथे राहू शकत नाहीत, हे मला माहीत नाही का? दिवाळीपासून सहा महिने मी इथे राहणार होतो. जवळच भाड्याने घर घेऊन. बॉसला विचारूनही ठेवलं होतं, घरून काम करायला तो हो म्हणाला होता." एक सोंगटी हातात घेऊन तो म्हणाला, "मग तुमची बातमी आली. मी बॉसला सांगितलं, आता गरज नाही."

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो उठला, सोंगट्या डब्यात भरल्या, डब्याचं झाकण लावलं आणि मला नमस्कार करून गेला.

दुसऱ्या दिवशी मी तिवारीच्या ऑफिसात गेले. बरोबर एक भूलसुधार लिहून नेला होता. छापलेली चूक पेपरने स्वतः कबूल करायची, त्याला भूलसुधार म्हणतात. तिवारीने तो वाचला.

"मॅडम, कैरम के मैच का भूलसुधार? चार महीने पुराना?"

"स्कोअर गलत था. कोट बनाया हुआ था. मैंने बनाया था."

"आदमी चला गया, मॅडम. अब किसको पड़ी है? उसके बेटे को बता दिया आपने, बस."

"तू माझ्याकडे शिकलास ना?" मी म्हटलं. रागात मी मराठीवर जाते, हे त्याला जुनं माहीत आहे.

तिवारीने मान खाली घातली. रविवारी पान सातवर खाली तीन ओळी आल्या. बातमीत दिलेला स्कोअर नियमानुसार नव्हता, आणि खेळाडूच्या तोंडी घातलेलं वाक्य वार्ताहराचं होतं. त्याखाली माझं नाव. त्याच दिवशी मी स्ट्रिंगरचं काम सोडलं.

दुबेजी माझ्याशी दीड महिना बोलले नाहीत. मग एक दिवस जेवणाच्या टेबलावर शेजारी येऊन बसले. म्हणाले, "आपने अपना तो लिख दिया, दीदी. मेरा भी लिख देतीं. मैं बैठ गया था पुलिया पे." मी म्हटलं, तो रिझल्टचा भाग नव्हता. ते म्हणाले, "था." श्रीवास्तवजींनी पुढच्या वर्षी शर्यत ठेवली नाही.

मॅनेजमेंटला सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी नंतर चौकशी करून बघितलं. नियमात सोय होती. सोबत राहणारा नातेवाईक किंवा मदतनीस असेल तर राहता येत होतं. फॉर्मच्या मागच्या पानावर छापलेलं होतं. आमच्यापैकी प्रत्येकाने पुढच्या पानावर सही केली होती. मागचं पान कोणी वाचलं नव्हतं, मीही नाही.

यातून मी शिकले ते एवढंच. त्या खोलीतल्या वीस माणसांना माझ्या बातमीची गरज नव्हती. त्यांनी मॅच बघितली होती. बातमी लागते ती जो तिथे नाही त्याला, आणि त्याच्याकडे ती तपासून बघायचं दुसरं साधन नसतं. मी मात्र ती खोलीतल्यांना बरी वाटावी म्हणून लिहिली.

तर आता माझं. गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, आजी कशी आहेस, आणि मी म्हटलं, एकदम मस्त, रोज फिरते. मी पावसाळ्यापासून फिरायला गेलेले नाही. जिना बसून उतरते. उजव्या डोळ्याने आता खरंच मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. गेल्या महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला. एकदा मी बंद केला, एकदा शेजारणीने. नावं आठवायला वेळ लागतो, पण आठवतात. डॉक्टरांनी मार्चमध्ये पुन्हा बोलावलं आहे. हे तुमच्या आईला मी सांगितलेलं नाही. तिलाही हेच पत्र पाठवते आहे. कधी यायचं ते तुम्ही ठरवा.